बारा तुकड्यांचे नाटक

नोकरी, कला आणि संसार या तिघांची तोंडे तीन दिशांना असली, तरी दिवसाचे चोवीस तास नीट मोजून-आखून घेणाऱ्या माणसाला तिघांनाही पुरून उरता येते, हा सिद्धान्त गुरुराज हुदलीकर यांनी बेळगावात, एका चहाच्या दुकानात, पाच मित्रांसमोर मांडला होता. मांडला तेव्हा त्यांचे लग्न झालेले नव्हते, नोकरी लागायची होती आणि कला म्हणजे नेमके काय करायचे ते ठरायचे होते. त्यामुळे सिद्धान्ताला बाध येईल असे जवळपास काहीच नव्हते.

पुढे तिन्ही गोष्टी झाल्या. नोकरी लागली ती सरकारच्या पूल बांधणाऱ्या खात्यात, ड्राफ्ट्समन म्हणून. छप्पन साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा खात्याची काही कपाटे, काही फायली आणि काही ड्राफ्ट्समन बंगळूरला हलवण्यात आले. गुरुराज त्या सामानात होते. सत्यवतीबाईंशी लग्न झाले आणि त्यांना बसवनगुडीतल्या एका शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली. कला म्हणजे नाटक लिहायचे, हेही ठरले. ‘दीपस्तंभाची सावली’ हे तीन अंकी नाटक चार वर्षे लिहून एकसष्ट साली होत आले होते. एक वृद्ध शिल्पकार आपल्या आईवेगळ्या मुलीसाठी आयुष्याचा क्षण न् क्षण वेचतो, असा त्याचा विषय. आणि साडेतीन वर्षांपूर्वी कावेरी झाली होती. नाटकातल्या मुलीला तिन्ही अंकांत मिळून सात वाक्ये होती. कावेरीची तेवढी दात घासताना होत.

तिन्ही जमवायला गुरुराजांनी वेळापत्रक काढले. ड्राफ्ट्समनने काढावे तसेच काढले: तासाला एक इंच, ऑफिस काळ्या शाईत, नाटक तांबड्या, कावेरी हिरव्या. हिरवा पट्टा संध्याकाळी सहा ते सात असा बरोबर एक इंच रुंद होता आणि त्याचे कोपरे फार सफाईने साधले होते. वेळापत्रक भिंतीवर लागल्यावर सत्यवतीबाईंनी ते आधी लांबून पाहिले, मग जवळून पाहिले.

“सुरेख आलंय,” त्या म्हणाल्या. “कावेरीला वाचता येईपर्यंत थांबायचं, की आत्ताच सुरू करायचं?”

नोव्हेंबरात त्यांना शाळेने पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी म्हैसूरला पाठवले. जाताना त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे, की दिवसा कावेरी चंद्राक्कांकडे आणि बाकी तुमच्याकडे. बाकी म्हणजे किती, हे त्यांनी इंचांत सांगितले नाही.

चंद्राक्का म्हणजे घरमालकीण चंद्राबाई. गवीपुरात पुढचे घर त्यांचे आणि मागच्या अंगणापलीकडच्या दोन खोल्या गुरुराजांच्या. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बंगळुरास आले होते आणि परत फिरायचा हुकूम अजून आलेला नसल्याने कुटुंब तिथेच होते. मराठी त्यांनी त्या काळातली जपली होती. जिथे ती झिजली तिथे कन्नडचे ठिगळ लावले होते. बाई कामाला वाघ. एखादे काम सांगितले की ते झालेच, आणि थांबा म्हणेपर्यंत दोनदा झालेले असे. हा गुण गुरुराजांना तोवर गुणच वाटत होता.

सत्यवतीबाई गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मंडळाचे चिटणीस नरसिंहराव चामराजपेठेत भेटले. मंडळ म्हणजे बंगळुरातल्या मराठी मंडळींचे. ते वर्षाकाठी एक हळदीकुंकू आणि एक नाटक करी. नरसिंहराव एका बँकेत अधिकारी होते आणि कोणालाही तोंडावर नाही म्हणत नसत. नाताळच्या सुटीतल्या प्रयोगासाठी ‘सावली’चा विचार करायला हरकत नाही, असे ते म्हणाले. मात्र सात सभासद वाचणार, म्हणून सात प्रती हव्यात. आणि त्या पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाचला मंडळात पोचायला हव्यात. नाहीतर आहेच आपले नेहमीचे प्रहसन, सगळ्यांना पाठ असलेले.

चार वर्षे आणि सात प्रती यांच्यामध्ये दहा दिवस होते. मराठी टाइपरायटर मंडळाकडे नव्हता. कार्बन घालून लिहावे तर तिसरी प्रत कुंडलीतल्या भविष्यासारखी अंधूक उमटे. दुसरा कोणी असता तर त्याने नाद सोडला असता. पण गुरुराज ड्राफ्ट्समन होते, आणि ड्राफ्ट्समनला एक गोष्ट माहीत असते. ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईने एकदा काढले, की ते कापड काचेच्या चौकटीत मसाल्याच्या, म्हणजे रसायन चढवलेल्या, कागदावर ठेवून उन्हात धरायचे आणि कागद पाण्यातून काढायचा. निळ्यावर पांढरी अशी हुबेहूब प्रत. सात काढा, सत्तर काढा. पुलाची निघते तर नाटकाची का निघू नये? जगात आजवर कोणी नाटकाचा ब्लूप्रिंट काढलेला नसावा, हा विचार गुरुराजांना नाटकापेक्षाही आवडला.

या कापडाविषयी इथेच सांगून टाकायला हवे. ते असते बारीक सुताचे, पण त्यावर कडक खळ चढवून घोटलेली असते. त्यामुळे ते निळसर, चकचकीत आणि काचेसारखे आरपार दिसते. गरम पाण्यात दोनदा काढले की खळ जाते, खळीबरोबर शाई जाते आणि हाती उरते ते इतके मऊ मलमल, की तसले बाजारात मिळत नाही. म्हणून ड्राफ्ट्समनांच्या घरोघरी रद्द झालेल्या नकाशांची झबली व्हायची. कावेरीचे पहिले झबले म्हणजे तुंगभद्रेकडच्या एका मोरीचा उभा छेद होता. आताही सत्यवतीबाईंनी जाण्यापूर्वी अशीच एक रद्द गुंडाळी बाजूला काढली होती आणि चंद्राक्कांनी तिचा फ्रॉक शिवायचे कबूल केले होते. शनिवारी सवड आहे, शनिवारी पाणी तापवते, असे त्या म्हणाल्या होत्या.

नव्या कापडाला कपाटाचे कुलूप होते, पण गुंडाळ्या संपताना उरणारी टोके कोणी मोजत नसे. गुरुराजांनी अशी बारा टोके जमवली: अंकाला चार. अक्षर बारीक ठेवले आणि पहाटे पाचला उठून कामाला बसले.

कावेरी पाच वाजून दहा मिनिटांनी उठे.

ती रडत नसे, त्रासही देत नसे. ती फक्त ड्रॉइंग बोर्डापाशी येऊन उभी राही आणि हनुवटी त्याच्या कडेवर टेकवी. त्याने बोर्ड हाले. बोर्ड हलला की शिल्पकाराच्या तोंडचे वाक्य उतारावरून घसरे.

“अप्पा, माझ्यासंगट खेळ.”

“सहा वाजता.”

“आता सहा वाजले?”

“संध्याकाळचे सहा.”

ती पाच मिनिटे वाट बघे आणि संध्याकाळ झाली का ते विचारी. तिसऱ्या दिवशी गुरुराजांनी तोडगा काढला. मूळ नाटक सहा वह्यांत लिहिलेले होते. जेवढे कापडावर उतरले तेवढी वहीतली पाने आता निरुपयोगी. त्यांनी एक पान फाडून कावेरीला दिले. तिने त्याच्या मागे एक हत्ती काढला, आणि पाऊण तास शांततेत गेला.

दुसऱ्या दिवशी पानाला वीस मिनिटे मिळाली. त्याच्या पुढच्या दिवशी पाच. भाव असा चढत गेला आणि पहिला अंक कापडावर जाईपर्यंत दोन वह्या कावेरीच्या झाल्या. त्यांच्या होड्या झाल्या, होड्या हौदात भिजून बसल्या आणि जी पाने कोरडी राहिली ती चंद्राक्कांनी पाणी तापवायच्या हंड्याखाली घातली. जाताना त्यांनी विचारले मात्र, की अण्णा, लिहिलेलं दिसतंय, जाळू का? गुरुराजांनी मान वर न करता जाळा म्हणून सांगितले. कापडावर उतरल्यावर कागद ठेवून काय करायचे? शिवाय कापडावर उतरवताना त्यांनी संवाद इतके सुधारले होते, की वहीतले वाचायची त्यांना आता लाज वाटे.

बुधवारी ऑफिसात पूल आला.

हेड ड्राफ्ट्समन शिवाप्पा हे धारवाडकडचे, आडव्या अंगाचे, कमी बोलणारे. मराठी त्यांना चांगली येई. रागावले की कन्नडवर जात. त्यांनी सहा खांबांच्या एका पुलाचे पेन्सिलीतले ड्रॉइंग गुरुराजांच्या टेबलावर पसरले. शनिवारी दुपारी एकपर्यंत ट्रेसिंग हवे, मोठे साहेब ते बॅगेत घालून दिल्लीला नेणार, आणि साहेबांची गाडी कोणासाठी थांबत नाही, असे त्यांनी मराठीत सांगितले. बाकीचे ड्राफ्ट्समन त्या आठवड्यात आठपर्यंत बसत होते. गुरुराज साडेपाचला उठले आणि घरी लहान मूल वाट बघत असल्याचे सांगितले. ते खरेही होते. त्या मुलाच्या वाट्याच्या तासात दुसरा अंक लिहायचा आहे, एवढे त्यांनी सांगितले नाही.

मग पूल घरी न्यावा लागला. सरकारी ड्रॉइंग घरी नेणे नियमात बसत नाही. ते सायकलच्या दांडीला छत्रीबरोबर बांधले की बसते. बुधवारी रात्री, गुरुवारी पहाटे, गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी पहाटे त्याच बोर्डावर पाळीपाळीने पूल आणि नाटक चढत-उतरत राहिले. पुलाचे खांब झाले. शिल्पकाराला क्षय झाला. कावेरीचा हिरवा इंच रोज उद्यावर गेला, आणि उद्याचे इंच साठून आता अर्धा फूट झाले होते. वह्या संपल्या. शुक्रवारी संध्याकाळी तिला सहाव्या वहीचा पुठ्ठा मिळाला, तो तिने दोन मिनिटांत परत केला.

शनिवारी सकाळी नऊ वाजता परिस्थिती अशी होती. पूल तयार, लाल फितीने बांधून कपाटावर. नाटकाचे अकरा तुकडे तयार, लाल फितीने बांधून गुरुराजांच्या डाव्या हाताला, भिंतीशी टेकवलेले. त्यांच्या शेजारीच रद्द नकाशांची गुंडाळी, फ्रॉकसाठी काढलेली, तीही लाल फितीनेच बांधलेली. खात्यात दुसरी फीत नव्हती. बोर्डावर बारावा तुकडा, म्हणजे शेवटचे पान. साडेनऊला निघायचे, एकच्या आत पूल द्यायचा, दुपारच्या उन्हात सात प्रती काढायच्या आणि पाचला चामराजपेठ. शिल्पकार मरणशय्येवर होता आणि मुलीला शेवटचे सांगत होता.

अंगणातून चंद्राक्कांनी हाक मारली. पाणी कढतंय, कापड पाठवा.

कावेरी बोर्डाशी आली. हनुवटी टेकवली.

“अप्पा, अक्का कापड मागत्यात.”

“देतो. स्वल्प थांब.”

“थांबली.”

“आणखी थांब.”

“थांबली की.” बोर्ड हालला. “अप्पा, पाणी कढतंय.”

निबेत शाई भरलेली होती, ती टपकायच्या आत वाक्य संपवायला हवे होते. ‘बाळ, माझ्या आयुष्याचा प्रत्येक क्षण तुझाच होता.’ गुरुराजांची नजर ‘क्षण’वर होती. डावा हात त्यांनी भिंतीकडे नेला, हाताला लागली ती गुंडाळी उचलली आणि कावेरीपुढे धरली.

“हे घे. पळ.”

कावेरी दोन्ही हातांनी गुंडाळी छातीशी धरून पळाली. बोर्ड स्थिर झाला. गुरुराजांनी ‘पडदा’ हा शब्द फार सुंदर काढला, त्याखाली दोन रेघा ओढल्या, शाई वाळू दिली, शेवटचा तुकडा भिंतीशी राहिलेल्या गुंडाळीवर लपेटला, फीत बांधली, कपाटावरचा पूल घेतला आणि सायकलला टांग मारली. कब्बन पार्क येईपर्यंत ते मोठ्याने संवाद म्हणत होते.

साडेदहाला शिवाप्पांनी पूल पाहिला. बराच वेळ पाहिला. ठीक म्हणाले, साहेबांकडे घेऊन गेले आणि पावणेबारापर्यंत आलेच नाहीत. गुरुराज खिडकीतून आभाळाकडे बघत बसले होते. सकाळपासून नोव्हेंबरातले बंगळुरी ढग येत-जात होते. प्रती काढायला सलग ऊन हवे. पावणेबाराला ऊन पडले. ऑफिसच्या गच्चीवर प्रती काढायची काचेची चौकट रिकामी होती. त्यांनी मसाल्याचे कागद बगलेत मारले, जिना चढले, फीत सोडली.

वरचा तुकडा शेवटचे पान. छान. तो त्यांनी बाजूला ठेवला.

त्याखाली एक मोरी होती.

मोरीखाली तिचा आडवा छेद होता आणि त्यावर तांबड्या पेन्सिलीने ‘रद्द’ लिहिले होते. त्याखाली एका बंधाऱ्याचे अर्धे तोंड. गुरुराजांनी सगळी गुंडाळी गच्चीवर उलगडली, परत गुंडाळली आणि परत उलगडली. मोरी तशीच राहिली. एखाद्याला आपण पाकीट कुठे ठेवले ते आठवावे तसा त्यांना आपला डावा हात आठवला.

पाणी नऊ वाजताच कढत होते. पण चंद्राक्का आधी कापड गार पाण्यात भिजत घालतात का? झबल्याच्या वेळी घातले होते की नव्हते? गार पाण्यात खळ लगेच सुटत नाही. तास, दोन तास तग धरते. आता सायकल काढली तर पंचवीस मिनिटे. शेवटचे पान तेवढे उचलून ते दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले, तो जिन्याच्या तोंडाशी शिवाप्पा उभे. हातात पूल.

साहेबांनी चौथ्या खांबाचा पाया तीन फूट खाली नेला होता. चार ठिकाणी खोडून नव्याने काढायचे, आकडे बदलायचे, एकच्या आत.

घरी जायला हवे, असे गुरुराज म्हणाले. लगेच. मुलीचे काहीतरी... आणि तिथे थांबले, कारण मुलगी बरी आहे का असे विचारले तर काय सांगायचे ते त्यांना सुचेना. शिवाप्पांनी तेच विचारले. मुलगी बरी आहे, असे गुरुराजांना कबूल करावे लागले. त्यावर शिवाप्पांनी पूल त्यांच्या हातात दिला आणि एक वाजता साहेब निघणार असल्याचे कन्नडमध्ये सांगितले.

एकच वाट उरली होती. गवीपुरात कोपऱ्यावर देवाप्पांचे कॉफीपुडीचे दुकान होते आणि तिथे टेलिफोन होता. गुरुराजांनी हेडक्लार्कच्या खोलीतून नंबर मागितला. लागेपर्यंत बारा वाजून दहा मिनिटे झाली. पलीकडे कॉफी दळायचे यंत्र चालू होते, त्यामुळे त्यांना सगळे ओरडून सांगावे लागले: चंद्राक्कांना निरोप द्या, कापड पाण्यात घालू नका, घातले असेल तर काढा. हेडक्लार्कने लिहिता लिहिता मान वर केली. शिवाप्पा दाराशी येऊन उभे राहिले.

देवाप्पांनी गिऱ्हाईक म्हणून आलेल्या गंगव्वाला निरोप घेऊन पाठवले आणि फोन धरून ठेवा म्हणाले. गुरुराजांनी धरला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात ब्लेड. हेडक्लार्कच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पूल पसरून ते चौथ्या खांबाचा जुना पाया खरवडू लागले. कानात कॉफी दळली जात होती. सात मिनिटांनी यंत्र थांबले आणि देवाप्पांचा आवाज आला.

निरोप पोचला होता. चंद्राक्कांनी उलट निरोप दिला होता, की अण्णांनी काळजी करू नये, कापड सकाळीच घातले आहे. पहिले पाणी शाईसारखे काळे निघाले, म्हणून दुसरे जास्त कढत घेतले आहे. फार उत्तम निघते आहे.

“दुसऱ्यातून काढलं का?” गुरुराज ओरडले.

गंगव्वा निघाली तेव्हा त्या काठीने ढवळत होत्या, असे देवाप्पांनी सांगितले आणि यंत्र पुन्हा सुरू केले.

ढवळत होत्या. म्हणजे पहिल्या पाण्यात सगळे गेले नव्हते. खालचे तुकडे, गुंडाळीच्या पोटातले, कदाचित दुसरा अंक... गुरुराजांनी नवा पाया आखायला घेतला. डोक्यात काहीही चालले असले तरी रेघ हलू न देणे ही ड्राफ्ट्समनची कमाई असते. ती त्या पाऊण तासात पणाला लागली. प्रत्येक आकड्यागणिक त्यांना काठी दिसत होती. एकदा वाटले, पूल तसाच टाकून पळावे. तीन फूट वर-खाली, नदीला काय कळणार आहे? मग वाटले, कळेल. ते आकडे काढत राहिले. एकला चार मिनिटे असताना शेवटचा बाण काढून झाला. शिवाप्पांनी पूल गुंडाळला, पण गेले नाहीत. टेबलावर पडलेला दुसरा तुकडा त्यांनी उचलून उजेडासमोर धरला. ते शेवटचे पान होते, सरकारी कापडावरचे.

त्यांनी वरपासून ‘पडदा’पर्यंत सगळे वाचले. गुरुराज उभ्या उभ्या वाट बघत राहिले. या नाटकाचे ते पहिले वाचक होते, आणि कदाचित शेवटचे.

“लेटरिंग चांगलं आहे,” शिवाप्पा मराठीत म्हणाले, आणि पान परत दिले.

पंचवीस मिनिटांचा रस्ता गुरुराजांनी अठरा मिनिटांत कापला. बसवनगुडीच्या चढावर एका टांग्याला घासून गेले, तेव्हा टांगेवाल्याने त्यांच्या घराण्याविषयी जे विचारले त्याचे उत्तर द्यायला ते थांबले नाहीत. अंगणात शिरले तेव्हा सगळे स्वच्छ दिसत होते. दोरीवर अकरा तुकडे वाळत होते. ऊन कडक पडले होते, प्रती काढायला उत्तम. कापड इतके पांढरे होते, की बघवत नव्हते.

गुरुराज एकेका तुकड्यापाशी गेले. कोपरा धरून उजेडात बघितला. पहिला अंक नव्हता. दुसरा अंक नव्हता. सातव्या तुकड्यावर डाव्या कडेला काहीतरी करडे दिसले. ते नाक लावून वाचू लागले, तर ती काठीला लागलेली राख होती.

चंद्राक्का पदराला हात पुसत आल्या.

“मोरीवालं कापड असलं नव्हतं बगा, अण्णा,” त्या म्हणाल्या. “त्यात चार रेघा असायच्या, एका पाण्यात जायच्या. ह्याच्यावर मुंग्याच मुंग्या. कोण बसून एवढं बारीक काढतंय की! दोन पाण्यांतबी जाईनात, मग स्वल्प सोडा घातला.”

“सोडा,” गुरुराज म्हणाले.

“घातला म्हणून गेलं. आधी सांगायचं न्हाई का?”

सांगण्यासारखे पुष्कळ होते. वह्या कुठे आहेत ते गुरुराजांना ठाऊक होते, तरी ते हंड्यापाशी जाऊन वाकून बघून आले. राख होती. हौदात एक होडी तरंगत होती. तिच्यावरची शाई पसरून ढगासारखी झाली होती आणि त्यात एक हत्तीचा पाय उरला होता. मग ते दोरीखालच्या दगडावर बसले. पावणेदोन वाजले होते. पाचपर्यंत सव्वातीन तास. चार वर्षांचे सव्वातीन तासांत किती आठवते, याचा त्यांनी हिशेब मांडून पाहिला आणि पहिल्याच प्रवेशात अडकले. सुधारलेले वाक्य आठवेना; आठवत होते ते आधीचे, लाज वाटणारे.

कावेरी वाळत्या तुकड्यांखालून वाकून आली आणि त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. गुडघा हालला नाही.

“अप्पा, काम झालं?”

“झालं.”

“सगळं?”

“सगळं.”

तिने त्यांच्या खिशातून डोकावणाऱ्या शेवटच्या पानाकडे बोट केले आणि हात पुढे केला. ठरलेला भाव होता. गुरुराजांनी खिसा हाताने दाबून धरला. ते पान काही त्यांनी दिले नाही.

साडेचारला चंद्राक्का एका बारशाला निघाल्या, तेव्हा कावेरीला सायकलच्या दांडीवर बसवून गुरुराज चामराजपेठेला निघाले. प्रती नसल्या तरी जाऊन सांगणे भाग होते. सात माणसे वाट बघत असतील. वाटेत त्यांनी तीन प्रकारे सांगून पाहिले. चंद्राक्कांवर ढकलले ते पटेना. कावेरीवर ढकलले, तर ती दांडीवर समोरच बसली होती. खरे सांगावे, तर डाव्या हाताशिवाय सांगण्यासारखे काही नव्हते. शेवटी त्यांनी एवढेच ठरवले, की आठ दिवसांची मुदत मागायची, रजा टाकायची, हिरवा आणि काळा पट्टा सोडून द्यायचा आणि सगळे पुन्हा लिहायचे. मंडळाच्या पायऱ्या चढताना ते मुदतीचे वाक्य पुटपुटत होते.

दिवाणखान्यात खुर्च्या भिंतीला लावून मधली जागा मोकळी केली होती. सातही सभासद हजर होते. प्रत्येकाच्या हातात प्रहसनाचे चुरगळलेले पुस्तक होते. एकाने लुगडे नेसले होते आणि दुसरा त्याच्या मागे लाटणे घेऊन पळत होता. नरसिंहरावांनी गुरुराजांना पाहून आनंदाने हात केला.

“या, या हुदलीकर. मुलीलाही आणलंत, छान केलंत. आज पडद्यामागून वाक्यं सांगायला माणूसच नव्हता.” आणि त्यांनी एक पुस्तक पुढे केले.

गुरुराजांनी ते घेतले. सात प्रतींविषयी काही सांगायचे होते, असे म्हणाले. नरसिंहराव क्षणभर आठवत राहिले.

“हां, ते तुमचं. तुम्ही आणाल असं कोणाला वाटलं नव्हतं हो,” ते म्हणाले. “बाविसावं पान काढा.”

प्रहसनाच्या तालमी दसऱ्यापासूनच चालू होत्या.